खपणारं सोनं, न खपणारं सोनं

१९९२ च्या फेब्रुवारीत फ्रान्समधल्या आल्बेरव्हीलला हिवाळी ऑलिंपिक झालं, तेव्हा महिलांच्या फिगर स्केटिंगचं सुवर्णपदक अमेरिकेच्या क्रिस्टी यामागुचीनं जिंकलं. रौप्य जपानच्या मिदोरी इतोला मिळालं आणि कांस्य पुन्हा अमेरिकेलाच, नॅन्सी केरिगनला. या स्पर्धेतलं सोनं अमेरिकेकडे १६ वर्षांनी येत होतं. त्याआधीची विजेती डोरोथी हॅमिल १९७६ मध्ये जिंकून घरी आली, तर देशभरातल्या मुलींनी तिच्यासारखे आखूड केस कापून घेतले आणि हॅमिल शाम्पूच्या जाहिरातीत दिसू लागली. म्हणजे क्रिस्टीचं पुढे काय होणार हे ठरल्यासारखंच होतं. पण पदक गळ्यात पडून काही आठवडे होत नाहीत तोच अमेरिकी माध्यमांत एक वेगळीच चर्चा सुरू झाली. ही मुलगी खपेल का?

क्रिस्टीचा जन्म कॅलिफोर्नियाचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं जपानी वंशाच्या आपल्याच नागरिकांना ज्या छावण्यांमध्ये डांबलं, त्यातल्या एका छावणीत तिची आई जन्मली. आणि त्याच काळात त्या आईचे वडील अमेरिकी सैन्यातून युरोपात लढत होते. याहून जास्त अमेरिकन कसं व्हायचं, ते मला माहीत नाही. पण १९९२ साल मंदीचं होतं, जपानी गाड्यांनी डेट्रॉइटचे कारखाने खाल्ले अशी ओरड होती, आणि पर्ल हार्बरला ५० वर्षं होऊन जेमतेम दोन-तीन महिने झाले होते. त्यामुळे प्रश्न असा मांडला गेला की हिचं आडनाव आणि हिचा चेहरा पाहून गिऱ्हाईक दुकानाकडे वळेल की नाही.

तिला करार मिळालेच नाहीत असं नाही. मिळाले. पुढे ती वर्षानुवर्षं व्यावसायिक बर्फनृत्याच्या दौऱ्यांत चमकली, २००८ मध्ये टीव्हीवरची नृत्यस्पर्धाही जिंकली. वंशामुळे तिचं नुकसान झालं का, झालं तर किती, यावर तेव्हाही एकमत नव्हतं. मला त्या हिशेबात पडायचं नाही. मला छळतो तो प्रश्न वेगळा आहे. समजा, तिला खरंच कमी मिळालं असतं, तर तिच्यावर अन्याय झाला असं म्हणता आलं असतं का? आणि तो नेमका कुणी केला असता?

पहिलं उत्तर सोपं आहे आणि ते बऱ्याच जणांना पटतं. पदक हा हक्क असतो, जाहिरात हा हक्क नसतो. सगळ्यात चांगली खेळलीस तर सोनं तुझंच, पण साबण कुणाच्या फोटोनं विकायचा हे साबणवाल्यानं ठरवावं. रॉबर्ट नॉझिक या अमेरिकी तत्त्वज्ञानं १९७४ च्या पुस्तकात नेमकं खेळाडूचंच उदाहरण घेतलं होतं. विल्ट चेंबरलेन हा बास्केटबॉलचा मोठा खेळाडू. समजा, त्याला बघायला येणारा प्रत्येक जण तिकिटाबरोबर २५ सेंट वेगळे, खास त्याच्यासाठी पेटीत टाकतो. असे १० लाख लोक आले, की चेंबरलेन इतरांपेक्षा कितीतरी श्रीमंत. नॉझिक विचारतो, यात चूक काय झाली? प्रत्येकानं स्वतःचे पैसे राजीखुशीनं दिले.

युक्तिवाद मजबूत आहे, आणि मी तो बराच काळ डोक्यात घोळवला आहे. पण स्केटिंगला तो लावायला गेलं की एक गोष्ट अडते. नॉझिकच्या गोष्टीत पेटीत नाणं टाकणारा माणूस दिसतो. तो स्वतःच्या आवडीनं टाकतो आणि ती आवड त्याची असते. जाहिरातीच्या करारात तो माणूसच नसतो. तिथे एका बैठकीत बसलेले चारजण, न आलेल्या लाखो गिऱ्हाइकांच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधतात. त्यांच्यातला कुणीही ‘मला ही मुलगी नको’ असं म्हणत नाही. म्हणायची गरजच नसते. ‘आमचं काही नाही हो, पण लोक...’

हे वाक्य आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मुंबई-पुण्यात भाड्यानं घर शोधलेल्या कुणालाही ते पाठ असेल. ‘आम्हाला चालतं, पण सोसायटीत चालत नाही.’ एकटी राहणार म्हटल्यावर मला हे दोन ठिकाणी ऐकवलं गेलं, माझ्या एका मैत्रिणीला आडनावामुळे पाच ठिकाणी. घरमालक सांगतो सोसायटी, सोसायटीचा सेक्रेटरी सांगतो सभासद, आणि सभासदांपैकी ज्याला विचारावं तो म्हणतो, ‘मला कुठे काय, पण बाकीचे.’ पूर्वग्रहाचं काम चोख होतं, फक्त त्याचा मालक सापडत नाही. ‘लोक काय म्हणतील’ची ही बाजारी आवृत्ती आहे: लोक काय घेतील.

तरी कुणी म्हणेल की घर ही गरज आहे, शाम्पूची जाहिरात ही चैन. घर नाकारणं आणि शाम्पू नाकारणं एकाच तागडीत कसं टाकता? इथे फिगर स्केटिंगचं अर्थकारण थोडं बघावं लागतं. या खेळाला क्रिकेटसारखी लीग नाही, महिन्याचा पगार नाही. आणि खर्च मात्र सहाव्या-सातव्या वर्षापासून सुरू: बर्फावरचा वेळ तासाच्या भावानं विकत घ्यायचा, कोच, नृत्यदिग्दर्शक, बूट, त्यांची पाती, पोशाख, प्रवास. नॅन्सी केरिगनचे वडील वेल्डर होते. मुलीच्या शिकवणीचे पैसे निघावेत म्हणून ते गावातल्या रिंकवर बर्फ गुळगुळीत करायची गाडीही चालवायचे. अशा घरांसाठी करार म्हणजे वरची मलई नाही, दहा-पंधरा वर्षांची उधारी फेडायचा जवळजवळ एकमेव मार्ग आहे. त्यात तो चेहरा बघून मिळत असेल, तर ‘हक्क नाही’ एवढं म्हणून हात झटकता येत नाहीत.

दुसरी अडचण त्याहून खोल आहे. धावण्याच्या शर्यतीत घड्याळ असतं. फिगर स्केटिंगमध्ये माणसं असतात. मराठीत ‘गुण’ या शब्दाची एक गंमत आहे. परीक्षेत मिळतात तेही गुण आणि अंगात असतात तेही गुण. या खेळाचा सगळा गोंधळ त्या एका शब्दात मावतो. जुन्या पद्धतीत सहापैकी दोन गुण दिले जायचे, एक तंत्राला आणि दुसरा सादरीकरणाला. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधल्या घोटाळ्यानंतर पद्धत बदलली, आकडेमोड बारीक झाली, पण सादरीकरण मोजणं काही गेलं नाही. जाऊही नये. संगीतावर सरकणाऱ्या शरीरात जे सौंदर्य असतं ते मोजायचंच नसेल, तर हा खेळ उरतच नाही. पण मग सुंदर म्हणजे कोण, हे कुणी ठरवलं?

बऱ्याच अंशी सोन्या हेनीनं. नॉर्वेची ही मुलगी १९२८, १९३२ आणि १९३६ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णं जिंकली, दहा वेळा जगज्जेती झाली आणि तिथून थेट हॉलिवूडला गेली. आखूड झगा आणि पांढरे बूट तिनं रूढ केले. आज दुकानात मुलींसाठी पांढरे स्केट्स मिळतात ते तिच्यामुळे. (१९३६ मध्ये तिनं बर्लिनमध्ये हिटलरला नाझी पद्धतीनं सलाम केला होता. त्यानं तिच्या हॉलिवूडच्या दाराला कडी लागली नाही. कुठला डाग बाजाराला दिसतो आणि कुठला नाही, हाही एक विषय आहे.) तेव्हापासून स्केटिंगमधली ‘आदर्श मुलगी’ म्हणजे गोरी, नाजूक, हसरी, परीकथेतली. परीक्षक आणि जाहिरातवाले दोघांनी ती एकाच साच्यातून काढली. पोहे घेऊन आलेल्या मुलीला न्याहाळणाऱ्या मंडळींची मला दर वेळी आठवण येते. शेवटी तोही दाखवण्याचाच कार्यक्रम.

या साच्यात टोन्या हार्डिंग बसली नाही. १९९१ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ट्रिपल अ‍ॅक्सल मारणारी ती पहिली अमेरिकन महिला. ही उडी पुढे तोंड करून घ्यायची आणि हवेत साडेतीन गिरक्या पुऱ्या करून मागे तोंड करून उतरायची. त्या क्षणाचा व्हिडिओ बघा. उतरताक्षणी तिच्या चेहऱ्यावर जो आनंद फुटतो, तो मी कुठल्याच जाहिरातीत पाहिलेला नाही. पण टोन्या गरीब घरातली, शिवराळ, दमा असून सिगारेट ओढणारी, घरी शिवलेल्या पोशाखात उतरणारी. नॅन्सीही वेल्डरचीच मुलगी, हे वर आलंच. फरक असा की नॅन्सी उंच, सडपातळ, सुबक दातांची होती आणि तिचे पोशाख व्हेरा वँग करायची. म्हणजे बाजारानं गरीब आणि श्रीमंत यांत निवड केलीच नव्हती. गरिबी ज्या चेहऱ्यावर दिसत नाही, तो चेहरा त्यानं निवडला. सूपच्या आणि बुटांच्या कंपन्या नॅन्सीकडे गेल्या.

पुढचं अनेकांना ‘आय, टोन्या’ या २०१७ च्या सिनेमामुळे ठाऊक असेल. ६ जानेवारी १९९४ ला डेट्रॉइटमध्ये सराव संपवून निघालेल्या नॅन्सीच्या गुडघ्याजवळ एका माणसानं दांडका हाणला. कट टोन्याच्या माजी नवऱ्याचा आणि तिच्या अंगरक्षकाचा होता. टोन्यानं पुढे तपासात अडथळा आणल्याचा गुन्हा कबूल केला आणि तिच्यावर आजन्म बंदी आली. पण त्याआधी दोघी लिलेहामरच्या ऑलिंपिकमध्ये उतरल्या. २३ फेब्रुवारी १९९४ च्या रात्री त्यांचा शॉर्ट प्रोग्रॅम अमेरिकेत दाखवला गेला, तो टीव्ही असलेल्या घरांपैकी ४८.५ टक्के घरांत लागला होता. फिगर स्केटिंगला इतकं गिऱ्हाईक कधीच मिळालं नव्हतं. त्यानंतरची काही वर्षं या खेळात पैसा अक्षरशः ओतला गेला, टीव्हीवर बर्फावरचे कार्यक्रम एकामागून एक. स्केटिंगची आजवरची सगळ्यात यशस्वी जाहिरात कुठल्या उडीनं केली नाही. ती एका दांडक्यानं केली.

नॅन्सी त्या ऑलिंपिकमध्ये अवघ्या ०.१ गुणानं हरली, युक्रेनच्या ओक्साना बाइउलकडून. लगेच फ्लोरिडात डिस्नेच्या मिरवणुकीत मिकी माऊसशेजारी बसली असताना, हे सगळं किती बावळट आहे अशा अर्थाचं काहीतरी ती पुटपुटली आणि ते माइकनं पकडलं. तिच्या बाजूनं खुलासा आला, पण तोवर लोक रागावले होते. कशामुळे? तिनं कुणाला फसवलं नव्हतं, खेळात खोट केली नव्हती. मिरवणुकीला कंटाळणं हा गुन्हा नाही. पण आपण तिच्याकडून परी विकत घेतली होती आणि आत २४ वर्षांची, दमलेली, गुडघा नुकताच बरा झालेली बाई निघाली. माल वर्णनाबरहुकूम नव्हता.

इथे मला इमॅन्युएल कांट उपयोगी पडतो. १७८५ च्या त्याच्या पुस्तकात एक छोटी विभागणी आहे. कामातलं कौशल्य आणि मेहनत यांना बाजारभाव असतो. हजरजबाबीपणा, कल्पनाशक्ती, खुमासदारपणा यांना हौसेचा भाव असतो. पण दिलेला शब्द पाळणं, तत्त्वापोटी दुसऱ्याचं भलं चिंतणं, अशा गोष्टींना भाव लागतच नाही. त्यांना असते ती प्रतिष्ठा, आणि तिच्या बदल्यात दुसरं काही ठेवता येत नाही. आता हे स्केटिंगला लावून बघा. ट्रिपल अ‍ॅक्सलला बाजारभाव, ठीक. बर्फावरच्या मोहक हसण्याला हौसेचा भाव, तेही ठीक. त्यांची किंमत घेण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. तमाशाच्या फडावर नाचणारीही सुपारी घेऊनच नाचते आणि ते तिच्या कष्टाचं असतं. पण जाहिरातवाल्याला तिसरी गोष्ट हवी असते. ‘ही खरोखरच अशी आहे’ हे त्याला विकायचं असतं. बर्फावरून उतरल्यावरही, घरीही, आईशी बोलतानाही. कौशल्य विकणारा माणूस संध्याकाळी दुकान बंद करू शकतो. स्वभाव विकणाऱ्याला शटर नसतं.

आणि हे विकणारं माणूस १५ वर्षांचं असेल तर? नॉझिकच्या गोष्टीत सगळे राजीखुशीनं वागतात. रशियाची युलिया लिपनित्स्काया २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये १५ वर्षांची होती. लाल पोशाखातली तिची गिरकी जगभर फिरली. १९ व्या वर्षी तिनं खेळ सोडला आणि कारण सांगितलं अ‍ॅनोरेक्सियाचं. २०२२ मध्ये बीजिंगला कामिला वालिएवाही १५ वर्षांचीच होती. उत्तेजक सापडल्याच्या बातमीनंतर सगळ्या जगाच्या कॅमेऱ्यांसमोर ती पुन्हापुन्हा पडली. त्यानंतर मोठ्यांच्या स्पर्धेची किमान वयोमर्यादा टप्प्याटप्प्यानं १७ केली गेली. उशिरा का होईना.

इथवर वाचून बाजार खलनायक आणि खेळ पवित्र, असं माझं म्हणणं वाटेल. तसं असतं तर लिहायला सोपं गेलं असतं. पण मग सूर्या बोनालीचं काय करायचं? फ्रान्सची ही कृष्णवर्णीय स्केटर सलग पाच वेळा युरोपची विजेती झाली आणि १९९३ ते १९९५ ओळीनं तिन्ही वर्षं जागतिक रौप्यपदकावर अडकली. ती ताकदवान आहे पण डौलदार नाही, असं तिच्याबद्दल सतत म्हटलं जायचं. हा कुणाचा डौल, हे विचारायची सोय नव्हती. १९९४ ला जपानमध्ये ती विजेत्यांच्या चौथऱ्यावर चढायलाच तयार नव्हती, आणि गळ्यात घातलेलं रौप्यपदक तिनं काढून टाकलं. १९९८ च्या नागानोत, दुखऱ्या पायानं, पदकाची आशा संपल्यावर, तिनं फ्री स्केटमध्ये मागे कोलांटी घेतली आणि एका पायावर उतरली. कोलांटीला १९७० च्या दशकापासून बंदी होती. गुण कापले गेले, ती दहावी आली. परीक्षकांनी तिला कधीच आपलं मानलं नाही. मग तिला कुणी घेतलं? बाजारानं. व्यावसायिक दौऱ्यांत लोक तिकीट काढून यायचे ते ती कोलांटी बघायला, आणि ती वर्षानुवर्षं ती मारत राहिली. २०२४ मध्ये बंदी उठली. आता तरुण मुलगे स्पर्धेत कोलांटी मारतात आणि त्यांच्या रील्सना भरभरून लाइक्स मिळतात.

म्हणजे कधीकधी तिकीट काढणारा माणूस परीक्षकापेक्षा उदार निघतो. नॉझिकची पेटी इथे खरोखर ठेवलेली होती: लोक स्वतः आले, स्वतःचे पैसे टाकले. मला वाटतं फरक तिथेच आहे. बोनालीच्या दौऱ्यात लोकांना काय आवडतं हे लोकांनीच सांगितलं. यामागुचीच्या वेळी ते लोकांच्या वतीनं कुणीतरी आधीच ठरवून बघत होतं.

शिवाय ‘खपण्यासारखा चेहरा’ ही काही चेहऱ्यात असलेली गोष्ट नाही. १९९८ मध्ये तारा लिपिन्स्कीनं मिशेल क्वानला हरवलं, तेव्हा एका मोठ्या अमेरिकी वृत्तसंकेतस्थळानं मथळा दिला की अमेरिकन मुलीनं क्वानला मागे टाकलं. क्वान कॅलिफोर्नियात जन्मलेली, अमेरिकेकडूनच खेळत होती. संकेतस्थळाला माफी मागावी लागली. यानंतर जेमतेम अकरा-बारा वर्षांनी दक्षिण कोरियात युना किम सॅमसंगच्या एसीपासून मोबाइलपर्यंत सगळं विकत होती. २०१० मध्ये ती ऑलिंपिक जिंकली आणि जगातल्या सर्वाधिक कमावणाऱ्या महिला खेळाडूंच्या यादीत जाऊन बसली. जो चेहरा एका देशात ‘अवघड’ ठरतो, तो दुसरीकडे घराघरातल्या भिंतीवर. मग ‘मार्केटिंगचं साधं गणित’ म्हणून आपल्याला जे सांगितलं जातं, त्यात गणित किती आणि शेजाऱ्याची भीती किती?

पण पूर्ण खपणं म्हणजे सुख, असंही दिसत नाही. जपानचा युझुरु हान्यू २०१४ आणि २०१८ चा ऑलिंपिक विजेता. त्याचं स्केटिंग संपलं की प्रेक्षक बर्फावर विनी द पूच्या बाहुल्यांचा पाऊस पाडत, मग लहान मुलं त्या वेचत आणि त्या दान केल्या जात. २०२३ च्या फेब्रुवारीत टोकियो डोममध्ये त्यानं एकट्यानं कार्यक्रम केला, तर ३५ हजार माणसं आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यानं लग्न झाल्याचं सांगितलं. पत्नीचं नाव सांगितलं नाही. नोव्हेंबरमध्ये घटस्फोट जाहीर केला. पाठलाग आणि माध्यमांचा ससेमिरा यांतून तिला वाचवता येत नाही, हे कारण त्यानं दिलं. इतकं प्रेम, की त्यात दुसऱ्या माणसाला उभं राहायला जागा नव्हती. यामागुचीला लोक आपलं म्हणतील का, ही शंका होती. हान्यूला लोकांनी इतकं आपलं म्हटलं, की तो स्वतःचा राहिला नाही.

अलीकडे मी अलिसा लिऊचे व्हिडिओ बघते. १३ व्या वर्षी अमेरिकेची विजेती, १६ व्या वर्षी कंटाळून निवृत्त. दोन वर्षांनी ती परतली ती स्वतःच्या अटींवर: संगीत काय, पोशाख काय, सराव किती, हे ती स्वतः ठरवणार. २०२५ मध्ये बॉस्टनला जगज्जेती झाली. केसांत रंगवलेले पट्टे, हसली की वरच्या ओठाआड चमकणारी पिअर्सिंग. सोन्या हेनीच्या साच्यात ती कुठेच बसत नाही. बॉस्टनच्या त्या क्लिपमध्ये शेवटची गिरकी थांबते, ती डोक्याला हात लावते, आणि चेहऱ्यावर येतो तो निव्वळ आश्चर्याचा आनंद, कुणासाठी म्हणून न ठेवलेला.

तो मला फार आवडतो. मी ती क्लिप तीन जणींना पाठवली. आता माझ्या फोनवर तिच्याआधी लिपस्टिकची जाहिरात लागते आणि पाच सेकंदांनी ‘स्किप’ येतं.